गुडघा नेमका कुठे दुखतोय? खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आणि सरांसाठी

मूल ‘गुडघा दुखतोय’ म्हणालं की आधी त्याला एवढंच सांगा: एका बोटाने जागा दाखव.

तेरा वर्षांचा मुलगा बहुतेक वेळा वाटीच्या खाली, नडगी जिथे सुरू होते तिथल्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एक जागा सापडत नाही, ती अख्खा तळहात वाटीवर गोल फिरवते. व्हॉलीबॉल किंवा उंच उडीचा सतरा वर्षांचा खेळाडू वाटीच्या खालच्या टोकालाच बोट टोचतो. आणि एखादं मूल मांडीच्या पुढच्या भागावरून गुडघ्यापर्यंत हात नुसता खाली-वर करतं. त्याचं दुखणं गुडघ्यात नसून खुब्यातही असू शकतं. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. तरी चौघांनाही घरी एकच मलम चोळलं जातं आणि मैदानावर एकच सल्ला मिळतो: ‘पळ, पळून मोकळा होईल,’ नाहीतर ‘खेळ बंद कर.’ बहुतेक मुलांसाठी हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

नाशिकमध्ये ही दुखणी कधी डोकं वर काढतात, तेही ठरलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरं सुरू होतात. वर्षभर आठवड्यातून दोन दिवस खेळणारं मूल अचानक सहा दिवस, तेही उन्हाने टणक झालेल्या मैदानावर पळायला लागतं. पावसाळ्यात सराव तुटतो. मग शालेय स्पर्धा येतात, तालुका, जिल्हा, विभाग अशा लागोपाठ, आणि तुटलेला सराव पंधरा दिवसांत भरून काढायची घाई होते. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं, चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले. अशी नावं डोळ्यांसमोर असलेल्या जिल्ह्यात मुलं पहाटे उठून मैदान गाठतात, हे फार चांगलं आहे. त्यांचे गुडघे टिकावेत म्हणून थोडा हिशोब मात्र मोठ्यांनी शिकून घ्यायला हवा.

हिशोब हाडाच्या वाढीचा आणि भाराचा

गुडघ्याची वाटी म्हणजे कप्पीसारखं काम करणारं हाड. वर मांडीचा मोठा स्नायू, खाली जाड कंडरा (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारी दोरी), मध्ये वाटी. ती कंडरा नडगीच्या हाडावर एका छोट्या उंचवट्याला चिकटलेली असते. पाय सरळ करताना, उडी मारताना, पळता पळता थांबताना मांडीचा सगळा जोर या एका जागेवर येतो. मोठ्या माणसात तिथे पक्कं हाड असतं. वाढत्या मुलात तिथे कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा थर असतो, कारण हाड तिथूनच तयार होत असतं. दोरी तीच, ओढ तीच, पण खुंटी अजून ओल्या भिंतीत ठोकलेली.

त्यात वयाची वाढ. मुली साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलगे १३-१४ व्या वर्षी सगळ्यात झपाट्याने उंच होतात. त्या एका वर्षात ८ ते १० सेंटिमीटर उंची वाढणं नेहमीचं आहे. हाडं लांब होतात, मांडीचे स्नायू मात्र त्या वेगाने लांब होत नाहीत. ते ताठ राहतात आणि खुंटीवरची ओढ वाढते. म्हणून खेळणाऱ्या मुलाची उंची दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडून ठेवा. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर वाढ दिसली की पुढचे काही महिने उड्यांचा सराव वाढवायचा नाही. जिममधल्या कुठल्याही यंत्रापेक्षा ही पेन्सिल जास्त उपयोगी आहे.

आता भार. साधं चालताना वाटीच्या मागे शरीराच्या साधारण निम्म्या वजनाइतका दाब येतो. जिना चढता-उतरताना तो तिपटीच्या वर जातो आणि पूर्ण खाली बसून उठताना सात-आठ पट होतो. ४५ किलोच्या मुलात हा दाब चालताना वीस-बावीस किलो, जिन्यावर दीडशे आणि खोल उठाबशीत साडेतीनशेच्या आसपास. बेडूकउड्या आणि बदकचाल ही शिक्षा म्हणून द्यायची पद्धत अजून पुष्कळ शाळांमध्ये आहे. दुखऱ्या गुडघ्याला याहून वाईट व्यायाम शोधून सापडणार नाही. ती शिक्षा बंद करायला हवी, एवढं स्पष्ट लिहिणं भाग आहे.

टेंगूळ आलंय, म्हणजे काय झालंय?

वाटीखालच्या उंचवट्यावर दुखणं, दाबलं की कळ येणं, तिथे टेंगूळ वर येणं याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. अमेरिकेतले ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधले श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये ते वेगवेगळं नोंदवलं, म्हणून जोडनाव. मुलग्यांमध्ये साधारण १२ ते १५ आणि मुलींमध्ये १० ते १३ या वयात दिसतं, कधी दोन्ही पायांना. नाव भारदस्त असलं तरी हा ‘रोग’ नव्हे. खुंटीवर वारंवार ओढ बसून कूर्चा दुखावते, शरीर ती भरून काढायला जास्तीचं हाड घालतं, त्याचं हे टेंगूळ.

ओळखायला सहसा एक्स-रे लागत नाही. वय, खेळ, बोटाने दाखवलेली जागा, आणि खुर्चीवर बसून कुणीतरी घोटा धरून ठेवला असताना पाय सरळ करायला गेल्यावर येणारी कळ, एवढं पुरतं. रात्री दुखत असेल किंवा लक्षणं जुळत नसतील तर मात्र एक्स-रे काढावा.

किती दिवस चालतं? पालकांना नकोसं वाटणारं उत्तर असं की कमी-जास्त होत वर्ष-दोन वर्षं चालू शकतं. तिथली कूर्चा पक्की हाड झाली की दुखणं थांबतं. टेंगूळ राहतं, पण ते निरुपद्रवी असतं, फार तर पुढे गुडघे टेकून बसताना टोचतं. त्यावर इंजेक्शन घ्यायचं नाही, आणि टेंगूळ ‘बसवायला’ हाडवैद्याकडे नेऊन चोळून घ्यायचं नाही. आधीच सोललेल्या जागेवर अंगठ्याचा जोर लावून काय होणार, विचार करा.

महिनाभर पूर्ण झोपवून ठेवणं हाही उपाय नाही. विश्रांतीत दुखणं थांबतं खरं, पण मांडीचा स्नायू चार आठवड्यांत बारीक होतो. मूल बरं वाटलं म्हणून एकदम सामन्यात उतरतं आणि कमजोर स्नायूमुळे सगळा झटका पुन्हा त्याच खुंटीवर येतो. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात भार कमी करणं आणि टप्प्याटप्प्याने ताकद वाढवणं एवढंच १२ आठवडे केलं. दहापैकी आठ मुलांनी सुधारणा झाल्याचं सांगितलं. मात्र १२ आठवड्यांनी पूर्ववत खेळात परतलेली मुलं थोडीच होती, बहुतेकांना त्याहून बराच जास्त वेळ लागला. म्हणजे उपाय लागू पडतो, पण घाईला जागा नाही.

बाकीची दुखणी थोडक्यात. वाटीच्या अगदी खालच्या टोकाला १० ते १३ वयात दुखत असेल तर तो याच कुटुंबातला प्रकार, आणि उपायही हाच. सोळाच्या पुढे त्याच जागी दुखत असेल तर कंडरा थकलेली असते. ती सरावाच्या सुरुवातीला दुखते, अंग गरम झालं की गप्प बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब चुकता करते. वाटीभोवती मोघम दुखणं, जिना उतरताना आणि सिनेमाला तासन्‌तास गुडघे मुडपून बसल्यावर वाढणारं, हे वाटीच्या मागच्या दाबाचं. त्यात दोष बऱ्याचदा खुब्याच्या कमजोर स्नायूंचा असतो, कारण ते थकले की पाय टेकताना गुडघा आतल्या बाजूला कलतो. आणि ‘वाढीचं दुखणं’ म्हणतात ते लहान मुलांना संध्याकाळी-रात्री, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत होतं. सकाळी मूल पुन्हा उड्या मारतं, कधी लंगडत नाही. लंगडत असेल तर ते वाढीचं दुखणं नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा.

थांबायचं कधी, धावत दवाखान्यात जायचं कधी

सगळ्यात जास्त निसटतो तो खुबा. १० ते १६ वयाचं, बहुधा थोडं वजनदार मूल. काही आठवडे गुडघा किंवा मांडी दुखते, थोडं लंगडतं, चालताना पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं. गुडघ्याचा एक्स-रे काढतात, तो स्वच्छ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या थरावरून घसरत असतो. घरी तपासायचं असेल तर मुलाला उताणं झोपवा आणि दुखरा पाय हळूच गुडघ्यात मुडपून छातीकडे न्या. गुडघा सरळ खांद्याच्या दिशेने यायला हवा. तो आपोआप बाहेर फाकत असेल, किंवा आत वळवायला गेलं की मूल कळवळत असेल, तर त्याला पुढे चालवूही नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा. उशीर झाला तर गोळा आणखी घसरतो. ज्या मुलाचा गुडघा दुखतो त्याचा खुबा तपासायचाच, हा नियम आहे.

खेळताना ‘कट्‌’ आवाज आला, पाय मुरगळला आणि दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर आत बहुधा रक्त साठलंय. आतलं मुख्य लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्याची शक्यता मोठी. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा अडकतो, पूर्ण सरळच होत नाही, तर सांध्यातल्या दोन हाडांमधली गादी फाटलेली असू शकते. उडी घेताना वाटीखाली तडकल्यासारखं होऊन पाय सरळ उचलताच येत नसेल, तर ती खुंटीच उखडलेली असू शकते. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे लागतोच. या सगळ्यांत मैदानावर करायचं एवढंच: खेळ थांबवा, पाय ओढू नका, चोळू नका, आहे त्या स्थितीत फळी किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन बांधा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं धरा, पाय उंच ठेवून न्या. गाडी नसेल तर १०८ आहे.

ताप, लाल-गरम गुडघा, झोपेतून उठवणारं एकाच जागचं हाडाचं दुखणं, वजन घटणं, सकाळी अर्धा तास गुडघा आखडलेला राहणं यांतलं काहीही असेल तर ‘खेळाचं दुखणं’ हे लेबल काढून टाका. जंतुसंसर्ग, संधिवात, क्षय आणि क्वचित हाडाचा कर्करोग यांचा विचार डॉक्टरांना करावा लागतो. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज हा सांधा, उद्या तो असं दुखणं फिरत असेल तर संधिज्वराची तपासणी हवी, कारण तो हृदयाच्या झडपा धरतो. आणि पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, तापासोबत सांधे दुखत असतील तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घरच्या घरी देऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तसंही वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळवणं म्हणजे धुराचा अलार्म काढून स्वयंपाक चालू ठेवणं.

घरी आणि मैदानावर काय करायचं

दुखण्याला ० ते १० गुण द्यायला मुलाला शिकवा. खेळताना ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर यायला हवं. ४-५ झालं तर उड्या आणि वेगाचं पळणं निम्मं. लंगडणं दिसलं की त्या दिवसापुरतं बंद, मुलाने कितीही विनवलं तरी. वहीत रोज दोन आकडे लिहा: सरावाची मिनिटं आणि दुसऱ्या सकाळचे गुण. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. बहुतेकदा शनिवारचा क्लब, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या आणि सोमवारचा शाळेचा सराव असे तीन दिवस सलग सापडतात. पांडवलेणी चढायला हरकत नाही, गुडघ्याला महाग पडतं ते पळत उतरणं. दुखतंय तोवर सहा आठवडे ते सोडा.

पहिले चार आठवडे व्यायाम साधे. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळून ती १० सेकंद खाली दाबायची. दहा वेळा, दिवसातून दोनदा. उताणं झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणं, १० चे तीन फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर, टाच किंचित मागे. १० चे तीन. या शेवटच्यात मुलं हमखास पाय पुढे आणतात, मग खुब्याच्या मागचा स्नायू कामच करत नाही. भिंतीला पाठ टेकून करायला लावा, टाच भिंतीवरून घासत वर गेली पाहिजे.

चौथ्या आठवड्यानंतर भिंतीला टेकून अधांतरी बसायचं, पण खुर्चीइतकं खाली नाही, निम्म्यावर. ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं विसावा. मग जिन्याच्या एका पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच खाली जमिनीला हळूच टेकवून परत वर. ८ ते १०, तीन फेरे, एक दिवसाआड. हा व्यायाम आरशासमोरच करा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. अंगठ्याच्या आत घसरायला लागला की तिथेच थांबा, बिघडलेल्या दहापेक्षा नीट पाच बरे.

ताण देण्याबाबत एक सावधगिरी. पालथं झोपून टाच कुल्ल्याला लावायचा ताण सगळेच देतात. टेंगूळ दुखत असेल तर जोराने दिलेला ताण त्याच खुंटीला ओढतो. टाच जिथवर दुखण्याशिवाय येते तिथवरच, ३० सेकंद, तीन वेळा. मांडीचा मागचा भाग आणि पोटरी यांना मात्र रोज ताण द्या.

नीकॅपने किंवा वाटीखालच्या पट्ट्याने काहींना खेळताना बरं वाटतं, वापरायला हरकत नाही, पण त्याने ताकद येत नाही. गुडघे टेकायला लागत असतील तर जाड पॅड जास्त कामाचं. टाच एका बाजूने झिजलेला बूट बदला. कॅल्शियमच्या बाटल्यांनी हे दुखणं जात नाही. त्याऐवजी सरावाआधी पोटात काहीतरी जातंय का ते पाहा, पहाटे पाचला उपाशीपोटी पळणारी मुलं फार आहेत. खेळाडू मुलीची पाळी तीन महिने चुकली तर ती ‘सरावाने होतं’ म्हणून सोडू नका, तो शरीराला अन्न कमी पडत असल्याचा इशारा असू शकतो आणि त्यात हाडं कमजोर होतात.

खेळागणिक थोडं वेगळं

खो-खोत चौकोनात बसलेल्या खेळाडूचा गुडघा पूर्ण मुडपलेला असतो आणि ‘खो’ मिळाला की त्याच कोनातून तो सुटतो. दुखऱ्या मुलाला काही आठवडे धावकाचा सराव द्या, बसण्याचा नको, आणि खांबाला वळसा एकाच बाजूने घेत असेल तर दोन्ही बाजूंनी घ्यायला लावा. कबड्डीत मॅटऐवजी टणक मातीवर गुडघे आपटून पकडीचा सराव होतो, तिथे पॅड हवंच. पाय रोवलेला असताना बाजूने बसलेला धक्का लिगामेंट तोडतो, म्हणून थकलेल्या मुलांकडून शेवटच्या दहा मिनिटांत पकडी करवून घेऊ नका.

सायकल दुखऱ्या गुडघ्याला चांगली, पण सीट वर हवी. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जेमतेम सरळ व्हावा. मुलं उंच होतात आणि सीट दोन वर्षांपूर्वीच्याच उंचीवर राहते, मग वाटीचा पुढचा भाग दुखतो. पाना घेऊन पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचं वेगळंच. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर, जाहिरात निघाली की डांबरी रस्त्यावर रोज तेच अंतर घड्याळ लावून. रोज परीक्षा द्यायची नसते. आठवड्यात एक दिवस वेगाचा, दोन दिवस सावकाश, दोन दिवस ताकदीचे, बाकी विसावा. पावलं थोडी छोटी आणि मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १७० करून पाहा.

मुलींच्या संघांसाठी एक गोष्ट वेगळी करायलाच हवी. दिशा बदलण्याच्या आणि उड्यांच्या खेळांत मुलींचं मुख्य लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलग्यांच्या दुप्पट किंवा अधिक आढळतं. त्यावर चांगला उपाय म्हणजे उतरायला शिकवणं. खुर्चीच्या निम्म्या उंचीवरून दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे मऊ, मांड्या एकमेकींकडे न जाऊ देता, पाऊल वाजता कामा नये. आवाज आला की पुन्हा. फिफाने फुटबॉलसाठी बनवलेला ‘११+’ हा २० मिनिटांचा वॉर्मअप याच तत्त्वावर आहे. आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केल्यावर दुखापती ठळकपणे कमी होतात, हे चाचण्यांत दिसलं आहे. मैदानाच्या दोन फेऱ्या मारून सराव सुरू करण्याऐवजी ही २० मिनिटं द्यावीत.

परतायचा जिना असा: अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल तर एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, दहा वेळा. मग सलग २० मिनिटं सावकाश धावणं. मग वेग, मग दोन पायांवर उड्या, मग एका पायावर, मग दिशा बदलणं, मग संघाबरोबर सराव. प्रत्येक पायरीवर किमान दोन दिवस, आणि दुसऱ्या सकाळी गुण वाढले तर एक पायरी खाली. पहिल्या सामन्यात अर्धाच डाव खेळवा, आणि सरांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. मैदानावर रंगात आलेला खेळ थांबवून मुलाला बाहेर काढणं ऐनवेळी कुणालाच जमत नाही.